क्रूझर, स्पोर्ट की अॅडव्हेंचर: आडरस्त्यावरची वळणं आपल्या गाडीच्या प्रकाराप्रमाणे कशी घ्यायची

वळणात कुठली बाईक फास्ट, असं विचारलं की बहुतेक जण स्पोर्टबाईक म्हणून मोकळे होतात. ट्रॅकवर ते खरंच आहे. पण छोट्या आडरस्त्यावर वळणापलीकडचं दिसत नाही, मध्येच खडी पसरलेली असते, डांबर उखडलेलं असतं, आणि तिथे स्पोर्टबाईकची लीन करायची, म्हणजे वळणात झुकायची, ताकद संपायच्या खूप आधी दुसरंच काहीतरी संपतं. कधी ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या खालच्या भागाचं रस्त्यापासूनचं अंतर, कधी सस्पेन्शन, आणि सगळ्यात जास्त वेळा तर आपल्याला दिसणारा रस्ताच. आपल्या गाडीवर यातलं आधी काय संपतं हे माहीत असलं की कॉन्फिडन्स येतो, माझ्या मते तो दुसऱ्या कशाने येत नाही.

पायरी 1: गाडी किती झुकते ते आधी बघा

थोडा हिशोब करू. 30 मीटर त्रिज्येचं वळण घ्या, म्हणजे बऱ्यापैकी टाईट. ते 40 च्या स्पीडने घेतलं तर साधारण 23 अंश लीन लागतो, 50 ला 33 आणि 60 ला 43. 40 वरून 60 म्हणजे स्पीड दीडपटच झाला, पण लीन जवळपास दुप्पट झाला बघा, कारण लीनचं गणित स्पीडच्या वर्गावर चालतं. आता क्रूझर म्हणजे लांब, बुटकी, आरामात बसायची गाडी, आणि बऱ्याच क्रूझरचा फूटपेग किंवा फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायची दांडी किंवा पाटी, 30 अंशाच्या आसपासच रस्त्याला लागतो, म्हणजे हेच वळण क्रूझरवर 45 च्या वर गेलात की घासायला सुरुवात, आणि स्पोर्टबाईकला तिथे अजून भरपूर जागा शिल्लक असते. त्यात टायर रुंद असेल तर त्याच स्पीडला गाडी अजून थोडी जास्तच झुकवावी लागते, कारण झुकल्यावर टायर टेकतो ती जागा आतल्या बाजूला सरकते.

पेग पहिल्यांदा घासतो तेव्हा खर्रर्र आवाज येतो, बुटाखाली पेग वर दुमडतो आणि माणूस दचकून एक्सलरेटर सोडून देतो. नेमकं तेच करायचं नाही. एक्सलरेटर फटकन सोडला की पुढचा शॉक दबतो, गाडी अजून खाली बसते आणि मग न दुमडणारा भाग, म्हणजे सायलेन्सर नाहीतर फ्रेम, रस्त्यावर टेकतो, आणि तो जोरात टेकला तर मागचा टायर उचलला जाऊ शकतो. पेगचा आवाज ही सूचना समजा, हात स्थिर ठेवा, खांदे आणि डोकं वळणाच्या आतल्या बाजूला न्या. शरीर आत गेलं की तेवढ्याच स्पीडला गाडी थोडी उभी राहते.

पायरी 2: हँडल ढकलायला शिका

गाडी कुठलीही असो, चालत्या स्पीडला ती हँडलनेच झुकते. डावीकडे वळायचं तर डावं हँडल पुढे ढकला, उजवीकडे तर उजवं. काउंटरस्टीअरिंग म्हणतात ते हेच. अमेरिकेत 1981 साली मोटरसायकल अपघातांवरचा हर्ट रिपोर्ट आला, त्यात लॉस एंजेलिस भागातले 900 अपघात तपासले होते, आणि त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की अपघातात सापडलेल्या रायडर्सना काउंटरस्टीअर करून गाडी वाचवणं जवळपास जमतच नव्हतं. म्हणून मोकळ्या सरळ रस्त्यावर 40 च्या आसपास हळूच ढकलून बघा, सवय होईपर्यंत.

जोर किती लावायचा ते मात्र गाडीवर ठरतं. स्पोर्टबाईकचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन नळे, बराच उभा असतो, रेक (फोर्कच्या बाजूचा उभ्या रेषेपासूनचा कल) साधारण 24 अंश, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) 1400 मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे ती पटकन वळते. क्रूझरचा रेक 30 किंवा जास्त आणि व्हीलबेस 1600 च्या आसपास, ती सरळ जायला मस्त पण वळायला वेळ घेते, तेव्हा वळणाआधी थोडं लवकर आणि सलग ढकलावं लागतं. अॅडव्हेंचर आणि नेकेडचं (पुढे फेअरिंगचं आवरण नसलेल्या गाडीचं) हँडल रुंद, त्यामुळे कमी जोरात काम होतं आणि एकामागोमाग डावं-उजवं वळण आलं की हात दुखत नाहीत.

पायरी 3: स्पीड दिसणाऱ्या रस्त्यावरून ठरवा

वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूवर नजर ठेवा. तो जवळ येतोय म्हणजे वळण आवळतंय, स्पीड कमी करा. एका अंतरावर टिकून आहे म्हणजे स्पीड बरोबर आहे. पुढे पळायला लागला की वळण सुटतंय, हळूहळू एक्सलरेटर द्या. 60 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते, आणि ब्रेक लावायचं ठरेपर्यंतच हा सेकंद गेलेला असतो, तेव्हा दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल इतकाच स्पीड.

इथे अॅडव्हेंचर बाईक खरी जिंकते. उंच आणि ताठ बसल्यामुळे झुडपांवरून, कुंपणावरून पलीकडचं दिसतं. स्पोर्टबाईकवर पुढे वाकून बसलेलं असताना मान वर करून बघावं लागतं, आणि उतारावर सगळं वजन मनगटावर येतं, हात ताठ होतात, हँडल आवळलं जातं आणि मग गाडी वळेनाशी वाटते. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, कोपर सैल सोडा, लगेच फरक पडतो.

अजून एक गोष्ट, ही फार जण विसरतात. मधल्या रेषेच्या बाजूला झुकणाऱ्या वळणात टायर आपल्या लेनमध्ये असला तरी डोकं आणि खांदा समोरच्याच्या लेनमध्ये गेलेला असू शकतो. अशा वळणात बाहेरच्या कडेला राहा, आणि वळणाचा शेवट दिसेपर्यंत आत शिरू नका.

पायरी 4: ब्रेक आधी, आणि हळूच सोडा

अॅडव्हेंचरचं सस्पेन्शन लांब, साधारण 200 मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे चाक तेवढं वर-खाली जाऊ शकतं, त्यामुळे खड्डे गिळते पण ब्रेक दाबला की पुढून खाली बसते आणि सोडला की उसळते. वळणाच्या तोंडाशी ब्रेक फटकन सोडलात तर नेमकं झुकवताना गाडी डोलते. म्हणून ब्रेक हळूहळू कमी करत आत जा. क्रूझरला सरळ रेषेतच बहुतेक ब्रेकिंग उरकून घ्या. उखडलेल्या डांबरावर स्पोर्टबाईकचं कडक सस्पेन्शन चाक उडवतं, तिथे दोन घास कमीच स्पीड ठेवा. वळणात चालणारा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम, 2013 पासून, केटीएमच्या 1190 अॅडव्हेंचरपासून, बाजारात आलाय आणि चांगलाच आहे, पण खडीवर ग्रिप तो कुठून आणणार.

पायरी 5: निघायच्या आधी

टायर थंड असताना हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरा. मागे कोणी बसणार असेल किंवा सामान असेल तर मागचा प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, वाढवा, क्रूझरवर तर नक्कीच, कारण मागून गाडी बसली की आधीच कमी असलेला क्लिअरन्स अजून जातो.

ग्रुपमध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या असतील तर क्रूझरवाल्याला पुढे ठेवा. मागे ठेवलात तर तो पुढच्या स्पोर्टबाईकचा टेललाईट बघून वळणात शिरतो, आणि तो स्पीड त्याच्या गाडीचा नसतो.