जँगोतला ४०४ आणि मराठी पुस्तकांची नावं

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझ्याकडे मराठी पुस्तकांच्या एका साइटचं काम आलं. साइट जँगोमधली, म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमधली. इंग्रजी नावाची पानं नीट उघडायची, मराठी नावाचं पान मागितलं की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. दीड दिवस मी व्ह्यूच्या, म्हणजे पान तयार करणाऱ्या फंक्शनच्या, कोडमध्ये डोकं घालून बसले, डेटाबेस तपासला, सर्व्हर कितीदा तरी बंद-चालू केला. शेवटी शेजारच्या सीनियर ताई म्हणाल्या, "अगं, रिक्वेस्ट व्ह्यूपर्यंत पोचतेय का ते आधी बघ." ती पोचतच नव्हती.

जँगो नव्याने शिकणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. डीबग (चुकांचे तपशील दाखवणारं सेटिंग) चालू असताना येणारं ४०४ चं पान घाईने बंद करू नका. जँगोने पत्त्यांचे कोणते पॅटर्न कोणत्या क्रमाने ताडून पाहिले, याची यादी तिथे असते. 'रेज्ड बाय' या शब्दांपुढे तुमच्या व्ह्यूचं नाव दिसलं, तर पत्ता जुळला आहे आणि ४०४ व्ह्यूच्या आतून आला आहे. मग यूआरएलच्या (पत्त्यांच्या) फाइलमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

क्रमालाही महत्त्व आहे, कारण जो पॅटर्न आधी जुळेल तोच चालतो. पुस्तकाचं नाव घेणारा पॅटर्न वर आणि 'नवीन पुस्तक' या पानाचा खाली असेल, तर 'नवीन' हेच पुस्तकाचं नाव समजलं जातं.

माझी अडचण मात्र स्लगची, म्हणजे पत्त्यात वापरायच्या नावाच्या सुटसुटीत रूपाची होती. पत्त्यातला हा तुकडा ओळखणारा जँगोचा स्लग कन्व्हर्टर फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोअर ओळखतो. देवनागरी त्यात बसत नाही. मी स्लगच्या जागी स्ट्रिंगचा (स्लॅश सोडून काहीही घेणारा) कन्व्हर्टर टाकला आणि पानं उघडली. दोनच दिवसांत नवी तक्रार आली: एका पुस्तकाच्या लिंकवर दुसरंच पुस्तक दिसतंय. नावापासून स्लग बनवताना आम्ही जँगोचं स्लगिफाय फंक्शन वापरत होतो, युनिकोडला (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांनाही) परवानगी देऊन. त्यासाठी ते पायथनची रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना लिहायची पद्धत) वापरतं, आणि तिच्यातलं अक्षर-अंकांसाठीचं 'बॅकस्लॅश-डब्ल्यू' हे चिन्ह मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे त्या गळून पडतात. 'मराठी'चं 'मरठ' होतं. 'पुणे' आणि 'पाणी' दोन्हींचं 'पण' होतं! आपल्या भाषेचे शब्द असे मोडलेले पाहून मला खरंच वाईट वाटलं.

बाकीच्या चुका लवकर सापडतात. जुन्या ट्युटोरियलमधली टोपी आणि डॉलरची चिन्हं पत्ता नोंदवणाऱ्या 'पाथ' फंक्शनमध्ये तशीच ठेवली, तर ती पत्त्याचाच भाग धरली जातात. रेग्युलर एक्स्प्रेशन हवीच असेल तर 'री-पाथ' आहे. जुनं 'यूआरएल' फंक्शन तर ४.० आवृत्तीपासून काढूनच टाकलंय. शेवटचा स्लॅश विसरला की साधं पान रीडायरेक्ट होऊन उघडतं, पण फॉर्मची पोस्ट रिक्वेस्ट रीडायरेक्टमध्ये भरलेली माहिती गमावते. 'नो रिव्हर्स मॅच' (नावावरून पत्ता बनवता आला नाही) अशी चूक आली तर नावाआधी ॲपचं नेमस्पेस, म्हणजे ॲपचा उपसर्ग, लिहिलंय का ते आधी पाहा. शंका असली की मी जँगोचं शेल (कोड लगेच चालवून बघायची खिडकी) उघडून 'रिझॉल्व्ह' फंक्शनला पत्ता देते. कोणता व्ह्यू मिळतो ते लगेच कळतं.

त्या साइटवर आम्ही पत्त्यात आधी पुस्तकाचा क्रमांक आणि मग नाव ठेवलं. पुस्तक क्रमांकावरून शोधायचं, नाव वाचणाऱ्यासाठी. ते नाव स्लगिफायकडे न देता स्वतःच्या छोट्या फंक्शनमधून काढलं. त्यात फक्त स्पेसच्या जागी हायफन घातला आणि विरामचिन्हं काढली. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळे जागेवर राहिले.