बाळाची लस चुकली तर काय करायचे?

लसीकरण सर्वांना सक्तीचे असावे का, यावर मतभेद आहेत. कोविडच्या लसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. म्हणून बाळाचे डोस पूर्ण करण्याची जबाबदारी घरच्यांनी मनापासून घ्यायला हवी.

लसीकरणाचे कार्ड घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा किंवा आशाताईंना दाखवा. पेंटाव्हॅलंटचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) एक डोस झाला आणि पुढचे राहिले, तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. जिथे थांबले तिथून पुढे, दोन डोसांत किमान ४ आठवडे ठेवून. बीसीजी (क्षयरोगाची लस) १ वर्षापर्यंत मिळते, गोवर-रुबेला ५ वर्षांपर्यंत. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस हवेतच, कारण बाळाच्या नवव्या महिन्यात आईकडून आलेली प्रतिपिंडे (रोगाशी लढणारे रक्तातले घटक) आड येऊन काही बाळांत पहिला डोस लागू पडत नाही.

साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलू नका. हे फार घरांत होते. आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांगा.

टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा. बीसीजीची गाठ पिकते, फुटते, व्रण राहतो. ती शेकू नका, मलमही नको.