गावठाणातली जुनी विहीर परत वापरात आणायची असेल तर

1970 ला सिडको आली, 95 गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या, मग नळ आले, मोरबे धरणाचं पाणी घरात आलं आणि विहिरीवरचा रहाट कधी थांबला ते कोणाला कळलंच नाही. आमच्या आळीत हळदीच्या आंघोळीला पाणी अजून विहिरीचंच लागतं, धवलारीण, म्हणजे लग्नात गाणी म्हणणारी बाई, धवळे (लग्नाची पारंपरिक गाणी) म्हणते तेव्हा बाया कळश्या घेऊन तिकडेच जातात. म्हणून जीव तुटतो, लोक तिच्यावर सिमेंटचा स्लॅब टाकून बाईक लावतात तेव्हा.

आधी सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून विहीर कोणाच्या नावावर आहे ते बघा, सार्वजनिक असेल तर वॉर्ड ऑफिसची लेखी परवानगी घ्या. मग आजूबाजूची गटारं आणि चेंबर तपासा, ते झिरपत असतील तर बाकीचा सगळा खर्च पाण्यात.

गाळ एप्रिल-मेमध्ये काढायचा, पाणी तळाला गेलेलं असतं. पण स्वतः उतरू नका, प्लीज. बंद विहिरीत विषारी वायू साचतो, दिवा सोडून बघितलं तरी सगळे वायू कळत नाहीत, त्यामुळे गॅस डिटेक्टर, हवा सोडायचा ब्लोअर आणि कमरेला दोर असलेली अनुभवी माणसंच लावा.

आता दगडी बांधकाम, इथे घाई नको. कॉन्ट्रॅक्टर हमखास म्हणेल सिमेंट मारून टाकू, ऐकू नका. जुने दगड चुन्यात बसवलेत, चुना ओल आत-बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती अडवतं आणि मग कडक सिमेंटशेजारचा दगडच झिजायला लागतो. विरवलेला चुना, वाळू आणि विटांची भुकटी घेऊन दरजा भरा, भुकटीमुळे चुना ओलीतही धरतो. भिंतीतला पिंपळ उपटू नका, मुळासोबत दगड निघून येतात, आधी बुंधा कापा, फुटवा परत परत छाटा.

पावसाळ्याआधी देवळाच्या छपराची पन्हळ विहिरीकडे वळवा, मध्ये खडी-वाळूचा फिल्टर पाहिजेच, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायचं. आपल्याकडे वर्षाला साधारण 2,500 मिमी पाऊस पडतो, म्हणजे 100 चौरस मीटर छपरावरून थोडं वाया गेलं तरी 2 लाख लिटर. खाडी जवळ असेल तर मोठी मोटर अजिबात लावू नका, गोडं पाणी उपसलं की खालून खारं वर येतं.

वरून लोखंडी जाळी, आत गप्पी मासे. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत पाणी प्यायचं नाही, धुणी-भांडी, झाडं, देवळाचं अंगण यालाच वापरा, पण रोज वापरा. आणि यंदाच्या हळदीला पाणी शेंदायला पोरांनाच पाठवा, कळशी-दोर घेऊन, सोबत एक जाणतं माणूस ठेवून.