जँगोमध्ये नावावरून दुवे तयार करण्याची पद्धत

जँगो या पायथनमधील वेब फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, दुव्यांचे पत्ते थेट टंकून ठेवले, तर यूआरएलची रचना बदलताच ते निकामी होतात आणि एकेक फाइल उघडून ते शोधावे लागतात. म्हणून पत्त्याचा आराखडा केवळ यूआरएलच्या फाइलमध्ये असावा आणि इतरत्र तो नावानेच मागवावा.

त्यासाठी ‘पाथ’ फंक्शनने मार्ग नोंदवताना त्याला ‘नेम’ द्यावे. उदाहरणार्थ, लेखाचा क्रमांक घेणाऱ्या मार्गाला ‘तपशील’ असे नाव देता येईल. हेच नाव दुसऱ्या ॲपमध्येही असू शकते, त्यामुळे त्या फाइलमध्ये ॲपचे नावही जाहीर करावे. त्यानंतर टेम्प्लेटमध्ये ‘यूआरएल’ टॅगला ॲपचे नाव, विसर्गचिन्हासारखे कोलन, मार्गाचे नाव आणि शेवटी लेखाचा क्रमांक दिला, की पूर्ण मार्ग तयार होतो. पायथनच्या कोडमध्ये हेच काम ‘रिव्हर्स’ करते. मात्र क्लासवर आधारित व्ह्यूमध्ये (व्ह्यू म्हणजे वाचकाच्या विनंतीला उत्तर देणारा कोड) फॉर्म जतन झाल्यानंतरचा पत्ता क्लासच्या पातळीवर लिहायचा असेल, तर ‘रिव्हर्स लेझी’ वापरावे, कारण ती ओळ वाचली जाते तेव्हा यूआरएलची फाइल लोड झालेली असेलच असे नाही.

नाव चुकले किंवा क्रमांक द्यायचा राहिला, तर जँगो ‘नो रिव्हर्स मॅच’ ही त्रुटी दाखवते. तुटलेला दुवा वाचकाच्या हाती पडण्यापेक्षा चाचणीतच ही त्रुटी दिसणे केव्हाही चांगले.

मराठी संकेतस्थळ करणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. स्लग म्हणजे शीर्षकावरून केलेला पत्त्यातील छोटा मजकूर. मार्गातील ‘स्लग’ हा प्रकार फक्त रोमन अक्षरे, अंक, हायफन आणि अंडरस्कोअर स्वीकारतो, त्यामुळे देवनागरी शीर्षकावरून केलेल्या स्लगसाठी दुवा तयारच होत नाही. तेथे ‘एसटीआर’ हा प्रकार वापरावा आणि शीर्षकावरून स्लग बनवणाऱ्या ‘स्लगिफाय’ला युनिकोडची परवानगी द्यावी, तसे न केल्यास ते देवनागरी अक्षरे गाळून टाकते. परवानगी दिली तरी ते काना, मात्रा, वेलांटी अशी चिन्हे गाळते, म्हणून तयार झालेला स्लग तपासून घ्यावा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असल्याने टक्केचिन्हांसह लिहिलेला पत्ता बराच लांबतो, म्हणून स्लग आटोपशीर ठेवावा.

‘रिव्हर्स’ केवळ मार्ग देते, डोमेन देत नाही. ईमेलमध्ये दुवा पाठवायचा असेल, तेव्हा हा मार्ग रिक्वेस्टच्या ‘बिल्ड ॲब्सोल्यूट यूआरआय’ या मेथडला द्यावा, म्हणजे प्रोटोकॉल आणि डोमेनसह संपूर्ण पत्ता मिळतो.