गणपतीच्या आराशीला आग लागू नये म्हणून: मखरामागची वायर आधी बघा

गणपती जवळ आले की ‘मखराशेजारी पाण्याची बादली भरून ठेवा’ हा सल्ला हमखास मिळतो. चालू विजेच्या आगीवर पाणी ओतलं तर ओतणाऱ्यालाच शॉक बसू शकतो. बादलीची काळजी सोडा आणि मखराच्या मागे काय चाललंय ते बघा.

मखर भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, मागे हात गेलाच पाहिजे. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. माळ्यावर जुनं मखर पडलं असेल तरी खाली काढू नका. ते पेटलं की वितळून जळते थेंब गळतात आणि काळा धूर कोंडतो. दिव्यांच्या माळा एलईडीच्याच घ्या. हॅलोजनचा फोकस घरात नको.

आता जोड. मला हीच गोष्ट समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. वायर बोर्डापर्यंत पोचत नाही, मग दुसरी वायर घेऊन तारा पिळायच्या, वर टेप गुंडाळायची आणि जोड कापडामागे सारायचा, ही सर्रास पद्धत. एकट्या एलईडी माळेला प्रवाह नगण्य लागतो, म्हणून पहिल्या दिवशी सगळं ठीक दिसतं. पुढे त्याच जोडावर कारंज्याचा पंप, पाहुण्यांसाठी पंखा, आरतीचा स्पीकर चढतो. गौरीजेवणाच्या दिवशी कुणीतरी इंडक्शन शेगडीही लावतं. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर ओढते आणि घरातलं लहान सॉकेट असतं ६ अँपिअरचं. सैल जोड तापतो, टेपचा चिकटपणा जातो, तारा आणखी सैल होतात, ठिणग्या उडू लागतात. शेजारी कापड असतंच.

‘एमसीबी (मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडेल की’ यावर विसंबू नका. एमसीबीला जादा प्रवाह आणि शॉर्टसर्किट कळतं. सैल जोडातून जाणारा प्रवाह मात्र नेहमीएवढाच असतो, त्यामुळे जोड तापून लाल झाला तरी एमसीबी जागची हलत नाही. आरसीसीबी हा तसाच दुसरा स्विच विजेची गळती ओळखतो, शॉकपासून वाचवतो. सैल जोड त्यालाही कळत नाही.

म्हणून मखरामागे एकही जोड नको. अंतर आधी सुतळीने मोजा आणि तेवढ्या लांबीचा, अखंड वायरीचा, आयएसआय मार्कचा एक्स्टेन्शन बोर्ड आणा. वायर पूर्ण उलगडा, कारण वेटोळ्यात उष्णता साठते. जोड टाळताच येत नसेल तर स्क्रूचा कनेक्टर वापरा, तारा ओढून बघा आणि तो मखराबाहेर, डोळ्यांसमोर ठेवा. प्लग डुगडुगत असेल तर कागदाची घडी खुपसू नका, सॉकेट बदला. काडी खोचून उघड्या तारा सॉकेटमध्ये बसवणाऱ्याला तर हात धरून थांबवा, मग तो कितीही वडीलधारा असो.

सगळं लावून तासभर चालू ठेवा. मग मेन स्विच बंद करून प्लग, वायर, कनेक्टर चाचपा. अ‍ॅडॉप्टर कोमट लागला तर चालेल. प्लग किंवा वायर गरम लागली तर ती वस्तू वापरायची नाही.

समई परातीत, पडदा आणि पंख्यापासून लांब. देवापुढचा दिवा रात्रभर तेवावा असं मलाही वाटतं. त्यासाठी काच असलेला नंदादीप मोकळ्या फरशीवर ठेवा. माळांचा स्विच झोपण्याआधी बंद, याला अपवाद नाही.

पेटलंच तर हाताशी असेल तरच मेन स्विच बंद करा, माणसं बाहेर काढा, १०१ ला फोन करा. आग हातभर असेपर्यंतच आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर वापरा. तो मखराजवळ ठेवू नका, दाराशी ठेवा. आगीजवळ न जाता उचलता आला पाहिजे.