लावणीच्या दिवसांतलं सलाईन: किती, कुठलं आणि कधी थांबायचं

भातलावणीच्या दिवसांत कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात शेजारशेजारच्या खाटांवर दोन रुग्ण येतात. एकीला सकाळपासून पाण्यासारखे जुलाब. दुसऱ्याला चिखलात काम करून चार दिवसांचा ताप, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल. दोघांचंही वरचं बीपी 80. पण दोघांना सलाईन सारखं द्यायचं नाही.

जुलाबवालीचे डोळे खोल गेलेत, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर 2 सेकंदांतही मागे जात नाही. इथे हात आखडू नका. आरएल (रिंगर लॅक्टेट, क्षारांचं सलाईन), किलोमागे 100 मिली: त्यातले पहिले 30 मिली अर्ध्या तासात, उरलेले 70 मिली पुढच्या अडीच तासांत. वजन 50 किलो असेल तर अर्ध्या तासात दीड लिटर. निळ्या 22 नंबरच्या सुईतून एवढं वेळेत जात नाही. हिरवी 18 नंबरची घाला, जमल्यास दोन्ही हातांना. गिळता येऊ लागलं की ओआरएस सुरू करा.

तापवाल्याला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) संशय धरा. त्यात फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडंही बिघडतात. म्हणून 500 मिली आरएल किंवा एनएस (नॉर्मल सलाईन, मिठाचं पाणी) 15 ते 30 मिनिटांत द्या आणि पुढची बाटली टांगण्याआधी परत तपासा: नाडी, बीपी, श्वासाची गती, ऑक्सिजन, पाठीमागे दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी स्टेथोस्कोप. करकर ऐकू आली, ऑक्सिजन उतरला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर बाटली बंद, ऑक्सिजन सुरू, आणि व्हेंटिलेटर व डायलिसिस असलेल्या ठिकाणी लगेच पाठवणी. बीपी तरीही पडलेलंच असेल तर तिसऱ्या-चौथ्या बाटलीपेक्षा नॉरअॅड्रेनलिनचा (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) विचार करा.

डी-5 (5 टक्के साखरेचं पाणी) बीपी वाढवायला कधीही नको. त्यातली साखर शरीर वापरून टाकतं, उरतं साधं पाणी, आणि रक्तातलं सोडियम उतरतं. डीएनएस (साखर घातलेलं नॉर्मल सलाईन) धो-धो सोडलं तर साखर चढून लघवीच वाढते. मग चार्टवर लघवी छान दिसते आणि रुग्ण मात्र सुकत जातो. ‘ताकदीची बाटली’ मागणाऱ्या नातेवाइकांना पेज पाजायला सांगा.

लेप्टोत लघवी चांगली होत असूनही पोटॅशियम कमी असू शकतं. केसीएलचा (पोटॅशियम क्लोराइड) 10 मिलीचा अँप्युल, म्हणजे 20 मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम, 500 मिलीच्या सलाईनच्या बाटलीत घाला. हातावरच्या शिरेतून निदान दोन तास लावा. लघवी होतेय याची आधी खात्री हवी. बाटलीत न मिसळता थेट शिरेत कधीच नाही. टांगलेल्या बाटलीत टोचून तसंच सोडलं तर ते तळाशी बसून एकदम आत जातं, म्हणून बाटली काढून चार-पाच वेळा उलटीपालटी करा.

थेंबांचा हिशोब: सलाईनच्या नेहमीच्या नळीचे (सेटचे) 20 थेंब म्हणजे 1 मिली. तासाचे मिली भागिले 3 केले की मिनिटाचे थेंब. 500 मिली चार तासांत द्यायचं तर तासाला 125, म्हणजे 42 थेंब. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजा. बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तासातासाची खूण व वेळ लिहा. रुग्णाने कोपर वाकवला की धार मंदावते, ते खुणेवरून लगेच कळतं.

लघवी किलोमागे तासाला निदान अर्धा मिली हवी. ‘झाली’ एवढं लिहून भागत नाही, मापाच्या भांड्यात ओता. नातेवाइकांनी पाजलेली पेज, शहाळ्याचं पाणी, अँटिबायोटिकची 100 मिलीची बाटली, सगळं चार्टवर ‘आत’च्या (शरीरात गेलेलं) रकान्यात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. लघवी कमी असेल तर ते बंद.