पत्रिका, फलक आणि अहिराणी: काय सुधारावं, काय राहू द्यावं

लग्नपत्रिका छापायला देण्याआधी मजकूर दोनदा वाचा. पहिल्यांदा अर्थासाठी आणि दुसऱ्यांदा शेवटच्या शब्दाकडून उलटा, म्हणजे डोळा वाक्याच्या ओघात चूक गिळत नाही.

शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: मी, वस्तू. 'आणि', 'परंतु' हे अपवाद. '-इक', '-इत' मात्र ऱ्हस्व: हार्दिक, निमंत्रित. सर्वांत जास्त घोळ सामान्यरूपात होतो. 'जमीन' दीर्घ, पण प्रत्यय लागला की 'जमिनीत'. 'फूल', पण 'फुलाला'. संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांत दीर्घ टिकतो: शरीर, शरीरात. 'आशीर्वाद' आणि 'उज्ज्वल' पाठच करा.

'शेतकरी दिन'चा 'शेतकरी दीन' झाला, तर सत्काराच्या फलकावर शेतकरी लाचार ठरतो. असं लगेच सांगावं, पण एकट्याला बाजूला घेऊन. घरगुती निरोपातली वेलांटी सोडून द्या.

जळगाव-धुळ्याकडे कुणी 'डोळा'ला 'डोया' म्हणालं, तर ती चूक नव्हे, तिथल्या अहिराणी बोलीचा उच्चार आहे. अहिराणी मजकुरातल्या 'शे'चं 'आहे' अजिबात करू नका. अर्ज प्रमाण मराठीत लिहायचा असेल, तरच बदला.